डॅशबोर्डला लाकडी लूक: विनाइल, पाण्यातली छपाई की खरं सागवान?

लाकडी डॅशबोर्ड करायचा म्हटलं की लोक आधी भाव विचारतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-समुद्रपूरकडं आधी उन्हाचं विचारावं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारभर काचा लावून उभ्या ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपुढं सहज तापतो. दोन महिन्यांत पाऊस आला की सगळं दमट. जे लावाल ते या दोन्हींत तगलं पाहिजे.

सगळ्यात सोपं आणि स्वस्त काम विनाइलचं, म्हणजे लाकडाची नक्षी छापलेल्या चिकट प्लॅस्टिक फिल्मचं. पण त्यातही दोन जाती आहेत. लाटून पातळ केलेलं ते कॅलेंडर्ड, ओतून केलेलं ते कास्ट. लाटलेल्यात ताण मुरलेला असतो, ऊन लागलं की ते आकसायला बघतं. माझ्या जुन्या बोलेरोला मी आधी हेच बसवलं. फेब्रुवारीत लावलं आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत एसीच्या जाळीजवळची कड भाजलेल्या पापडासारखी वळून वर आली. उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ तयार झाली, ती नखानंही निघेना. अर्धा दोष माझाच. वर्षभर डॅशबोर्डला चकाकी यावी म्हणून सिलिकॉनचं पॉलिश चोळलं होतं, त्यावर गोंद काय धरणार!

दुसऱ्या खेपेला कास्ट आणलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसलं, गोंद नीट धरावा म्हणून कडांना प्रायमर लावला आणि शेवटी हीट गन फिरवून ताणलेले भाग चांगले तापवले, म्हणजे विनाइल मागं ओढ घेत नाही. त्यानं तीन उन्हाळे काढलेत. फक्त गुळगुळीत पट्ट्यांवरच लावा, दाणेदार प्लॅस्टिकवर ते टिकत नाही. आणि गाडी विकायची वेळ आली की थोडं गरम करून सोलून काढता येतं. हा गुण बाकी दोन्हींत नाही.

पाण्यातली छपाई, म्हणजे हायड्रो डिपिंग, पाहायला मजेशीर. लाकडाच्या रेषा छापलेली पातळ फिल्म कोमट पाण्यावर तरंगत सोडतात, त्यावर रसायन फवारलं की फिल्म विरघळून नुसती शाई उरते. घासून, प्रायमर आणि तपकिरी रंग देऊन तयार ठेवलेला भाग त्यात हळूच बुडवला की नक्षी चारी अंगांनी चिकटते. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप. जिथं विनाइलला सुरकुती पडते त्या वळणांवरही हे नीट बसतं, म्हणून कार कंपन्याही लाकडाचा भास आणायला ही रीत वापरतात. मात्र सगळे भाग खोलून नागपूरला न्यावे लागतात आणि एकदा केलं की परत फिरता येत नाही. क्लिअर कोट हलका मारला असेल तर सगळं वाया, तेवढं विचारूनच पैसे द्या.

राहिलं खरं सागवान. आमचे सुतारकाका म्हणतात, “काहून स्टिकर लावतं बे, सागवान तं आपल्याच घरचं हाय!” खरंच आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच गेलं. पण दार वेगळं, डॅशबोर्ड वेगळा. अर्ध्या मिलिमीटरचा व्हेनीर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, सपाट पट्टीवर शोभतो, वळणावर तडकतो. सागवान तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी थिनरनं पुसावं लागतं. दमटपणात लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, खालचं प्लॅस्टिक फुगत नाही. कडा लॅकरनं बंद केल्या नाहीत तर पावसाळ्यात सांधे उघडतात. हौस असेल आणि हात बसलेला सुतार असेल तरच करा.

काहीही निवडा, एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या नव्या मॉडेलांत शेजारच्या सीटलाही एअरबॅग असते, आणि ती फुटताना झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटलं पाहिजे. वरच्या भागाला चकचकीत काही नकोच, उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही.

मला विचाराल तर तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्यानं कास्ट विनाइल घ्यावं, तेही फक्त मधल्या पट्टीला. गाडी शेवटपर्यंत ठेवायची असेल तर हायड्रो डिपिंग. पट्ट्या खोलायचं काम मात्र दुपारी करा. डिसेंबरच्या सकाळी गारठ्यात प्लॅस्टिक कडक असतं, माझ्या दोन क्लिपा तशाच तुटल्या आणि ती पट्टी अजून खड्ड्यात कुरकुरते.