सिंगल्स गोइंग स्टेडी: बझकॉक्स ऐकायचंय तर इथूनच सुरू करा

पंक रॉक म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर सेफ्टी पिना, उभे केस आणि शिव्या एवढंच येतं, त्यांना मी नेहमी हाच एक रेकॉर्ड ऐकवतो. बँड मँचेस्टरचा, बझकॉक्स. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना ओळख व्हावी म्हणून काढलेलं हे कलेक्शन, एका बाजूला आठ सिंगल्स, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर एकेकटी काढलेली गाणी, दुसऱ्या बाजूला त्याच आठ छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी, आणि क्रमही ती जशी आली तसाच. इतकी साधी मांडणी, पण मला विचाराल तर अख्ख्या पंकमध्ये यापेक्षा भारी एलपी नाही.

कारण ही माणसं सरकारवर नाही, प्रेमावर गातात. गायक पीट शेलीचा आवाज बारीक, थोडा रडवेला, खाली गिटार सुसाट सुटलेली आणि वर हा विचारतोय की माझ्या वाट्याला काय आलं! 'एव्हर फॉलन इन लव्ह' बघा, १९७८ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर १२ नंबरपर्यंत गेलेलं गाणं, ज्याच्यात जीव गुंतायला नको होता नेमका तिथेच गुंतला, एवढीच गोष्ट. आता यात 'ज्याच्यात' की 'जिच्यात'? मराठीत सांगायला गेलं की लगेच ठरवावं लागतं. शेलीने ते मुद्दामच ठरवलं नाही. तो स्वतः बायसेक्शुअल होता, ते त्याने लपवलं नाही, आणि गाण्यात मुलगा-मुलगी न आणता 'तू' आणि 'मी' ठेवले म्हणजे ऐकणारा कोणीही असो, गाणं त्याचंच होतं. मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी पोटात खड्डा पडलाच होता.

आणि जॉन मार! बँडमध्ये आला तेव्हा १६ वर्षांचा होता हो. त्याचे ड्रम्स नीट ऐका, नुसता ठोकत नाही, प्रत्येक ओळ संपली की असा गडगडत पुढच्या ओळीत घेऊन जातो की श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

एक गोष्ट मात्र यात नाही, ती वेगळी शोधा: 'स्पायरल स्क्रॅच', चार गाण्यांची ईपी. तेव्हा गायक हॉवर्ड डेव्होटो होता, नंतर लगेच बँड सोडून गेला. साधारण ५०० पाउंड उसने घेऊन डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केली, जानेवारीत स्वतःच्याच लेबलवर काढली, पहिल्या हजार कॉप्या हां हां म्हणता संपल्या. लंडनच्या कंपनीच्या दारात उभं न राहताही रेकॉर्ड निघू शकतो हे पुढच्या कित्येक पोरांना यातूनच कळलं. त्यातल्या 'बोरडम'चा गिटार सोलो म्हणजे फक्त दोन सूर, तेच तेच परत परत, आणि तरी दिवसभर डोक्यातून जात नाही.

परत या रेकॉर्डकडे. लोक पहिली बाजू ऐकतात आणि थांबतात, असं करू नका प्लीज. दुसऱ्या बाजूचं 'व्हाय कान्ट आय टच इट' हेडफोनवर लावा, सहा मिनिटांच्या वर आहे, एक गिटार डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात, दोघी एकमेकींशी बोलतायत आणि मधे बेस शांतपणे चाललाय. दोन-तीन मिनिटांची गाणी करणारा हाच बँड का असं वाटतं.

२००१ च्या सीडीवर आणखी आठ गाणी जोडलीत, ती वाईट नाहीत, पण पहिल्यांदा ऐकताना सोळाव्या गाण्यावर थांबाच. शेली डिसेंबर २०१८ मध्ये गेला, त्या दिवशी मी तेच लावलं होतं, 'समथिंग्ज गॉन राँग अगेन', मोजा सापडत नाही, ब्लेड नवं हवंय, बस चुकते, आणि मागे पियानोचा एकच सूर ठण ठण ठण शेवटपर्यंत वाजत राहतो.