बंद पडलेलं स्पीडोमीटर ४६० रुपयांत, दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी म्हणजे २००९ सालची मोटारसायकल, १०० सीसी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. कराडमध्ये रोजचं जाणं-येणं पंचवीस-तीस किलोमीटर. गेल्या जूनमध्ये चाळीसच्या पुढे गेलं की काटा थरथरायला लागला, जुलैच्या पहिल्या पावसात एकदा ऐंशीपर्यंत उडाला आणि मग कायमचा शून्यावर बसला. किलोमीटरचा आकडा ६१,२०८ वर थांबला.

गॅरेजमध्ये गाडी पाच मिनिटंही कोणी पाहिली नाही. "दादा, मीटर गेलंय, अख्खं बदला. चौदाशे पन्नास." केबल हलवून बघितली नाही, चाक उचललं नाही. मला नवीन मीटर नको होतं, कारण नवीन मीटरचा आकडा शून्यापासून सुरू होतो. या गाडीच्या ६१ हजारांतले निम्म्याहून जास्त किलोमीटर वडिलांनी चालवलेले आहेत. शिवाय ऑक्टोबरमध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती, पुन्हा नोंदणीसाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यायची होती, तिथे मीटर चालू हवं होतं. म्हणून ठरवलं, आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं आणि मगच पैसे घालायचे.

केबलवरच्या मीटरचं काम समजून घेतलं की निम्मा शोध तिथेच लागतो. पुढच्या चाकाच्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, एक गिअर फिरतो, तो केबलच्या आतली तार फिरवतो, तार वर मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण ती चुंबकाला कुठेही जोडलेली नसते. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा दिसतो. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि माझ्या गाडीत आजही तेच तत्त्व चालतं. किलोमीटरचा आकडा मात्र त्याच तारेवरून दातेरी चाकांनी थेट फिरतो, त्याला चुंबकाशी देणंघेणं नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की आकडा फिरतोय का. आकडा फिरतो पण काटा मेलेला असेल तर दोष मीटरच्या आत आहे. दोन्ही एकदम बंद असतील तर बहुतेक वेळा मीटर ठणठणीत असतं, गडबड खाली केबलमध्ये किंवा गिअरमध्ये असते. माझं दोन्ही बंद होतं. चौदाशे पन्नास घालून मी नवं मीटर बसवलं असतं तर तेही शून्यावरच राहिलं असतं.

मीटरखालचं केबलचं नट हाताने सुटलं. गाडी सेंटर स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. चाक हाताने फिरवलं, केबलच्या वरच्या तोंडातली तार हललीच नाही. खालचा स्क्रू काढून केबल ओढली तर तारेचा चार बोटं तुकडा खालीच राहिला होता. तुटली होती, आणि का तुटली हेही दिसलं. कोणीतरी आधी हँडलचं काम करताना केबल गाइडमधून, म्हणजे तिला जागेवर धरणाऱ्या कडीतून, न घेता बाहेरून घेतली होती, त्यामुळे हँडल डावीकडे वळवलं की तिला जोराची मुरड पडायची. आत ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसती गंजाची लाल भुकटी. काटा थरथरतो तो यामुळेच. कोरडी तार अडकते, पिळ साठतो, मग एकदम सुटते. वर काटा नाचताना दिसतो आणि लोक मीटरला दोष देतात.

केबल घेण्याआधी मीटरही तपासून घेतलं. तुटलेल्या तारेचं वरचं चौकोनी टोक दहा सेंटिमीटर कापलं, ड्रिलमध्ये पकडलं आणि मीटरमध्ये घालून अगदी सावकाश फिरवलं. काटा शून्याच्या खाली दाबला गेला, म्हणजे दिशा उलटी. ड्रिल उलट फिरवल्यावर काटा लोण्यासारखा वर चढला. त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

मग मोजमापही केलं. गाडी खाली घेतली, टायरवर खडूची खूण करून एक फेरा ढकलली: १ मीटर ८७ सेंटिमीटर. नवी केबल आणल्यावर चाक पुन्हा उचलून ती खाली जोडली, वरच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवला आणि चाक दहा वेळा फिरवलं. झेंडा २६ वेळा फिरला. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५३५ आणि तारेचे १,३९० फेरे. जपानी धाटणीच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या मीटरला ताशी ६० ला, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर जाताना, मिनिटाला १,४०० फेरे लागतात. हिशोब जुळला, म्हणजे गिअरही योग्य होता.

केबल घेतली ती ८० रुपयांची, बिननावाची. ग्रीसचा छोटा डबा ४० ला. तार बाहेर ओढून तिला पातळ ग्रीस लावलं, पण वरची एक वीत कोरडी ठेवली. हे कोणी सांगत नाही आणि इथेच मीटरं मरतात. फिरती तार स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते, ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चिकटते आणि काटा वेडावाकडा वागतो. मग खरोखरच मीटर बदलावं लागतं.

पावसाळाभर काहीही झालं नाही. ऑक्टोबरमध्ये तपासणी झाली, गाडी पास झाली.

नोव्हेंबरात पुढचं चाक पंक्चर झालं. दुकानात चाक काढून बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा शून्यावर. या वेळी केबल साबूत होती. चाक उतरवलं तेव्हा कळलं. हबमधल्या खाचांत गिअरच्या चकतीचे दोन कान बसायला हवेत. ते न जुळवता ॲक्सल आवळला की कान चेपतात. माझा एक कान मोडला होता आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पिनियनचे, म्हणजे तार फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दोन दात गेले होते. पुण्याला नाना पेठेत जाणं झालं तेव्हा तिथून अख्खा सेट १९० रुपयांना आणला.

हे काम स्वतः करणाऱ्याने एक गोष्ट जिवापाड जपावी. चाक परत बसवताना ब्रेकच्या प्लेटची खाच चाक धरणाऱ्या फोर्कवरच्या ठोकळ्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक मारल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते, चाक अडकू शकतं. मीटर चाललं नाही तर फार काही बिघडत नाही, इथे मात्र माणूस पडतो. ॲक्सलचं नट पूर्ण आवळायच्या आधी चाक हाताने फिरवून बघावं, काही घासत असेल तर कान अजून खाचेत गेलेले नाहीत. तेव्हापासून पंक्चरच्या दुकानात मी बाजूला उभा राहतो आणि नट आवळण्याआधी "थांबा, कान बघू" म्हणतो. अजून कोणी वाईट मानलेलं नाही.

जानेवारीत ८० रुपयांच्या केबलने दगा दिला. काटा मधूनच पडायचा, मधूनच चालायचा. तार शाबूत, पण खालचं चौकोनी टोक झिजून गोल झालं होतं, त्यामुळे पिनियनमध्ये ते पकड न धरता घसरत होतं. सहा महिने टिकली. दुसरी १५० रुपयांची घेतली. हिची तार घट्ट विणलेली आहे. तारेची दोन्ही टोकं दोन हातांत धरून मध्ये झोळ सोडावा आणि टोकं बोटांनी फिरवावीत. तार मऊ फिरली तर चांगली, मध्येच फटकन उडी मारली तर वाकलेली. दुकानातच हे करून पाहावं. फडक्यातूनही ओढून बघावी, धागा अडकला तर एखादा पदर तुटलेला असतो. सत्तर रुपये वाचवण्यापेक्षा पहिल्याच वेळी हीच घेतली असती तर बरं झालं असतं.

एकूण खर्च ८० + ४० + १९० + १५०, म्हणजे ४६० रुपये. मे संपताना आकडा ६८,१४० वर आहे. परवाच केबल काढून पाहिली. खालच्या टोकाला थोडा चिखल होता, तो रॉकेलने धुतला, वाळवून पुन्हा ग्रीस लावलं. टोकाच्या कडा अजून धारदार आहेत. पावसाच्या तोंडावर हे अर्ध्या तासाचं काम दरवर्षी करणार आहे. थरथर नाही, मीटरमधून किरकिर नाही.

अचूकता रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर तपासली, मागे बसलेल्या भावाच्या हातात घड्याळ. काटा ६० वर धरून दोन दगडांमधलं अंतर ६४ सेकंदांत गेलं, म्हणजे खरा वेग ५६. काटा ४० वर असताना ९५ सेकंद, खरा वेग ३८. जाताना-येताना दोन्हीकडून तेच. दहा दगड ओलांडेपर्यंत किलोमीटरचा आकडा मात्र बरोबर दहाने पुढे गेला. वेगाचा काटा थोडा जास्त दाखवतो, आकडा अंतर खरं सांगतो. मीटर मुळातच जरा पुढे ठेवतात, खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये म्हणून. ऑइल बदलण्याचा आणि पेट्रोलच्या ॲव्हरेजचा माझा हिशोब त्यामुळे पुन्हा खरा झाला. मीटर बंद असताना मी वहीत लिटर लिहून अंदाज बांधत होतो.

ते चारचं अंतर मिटवायला एका दुकानात मीटर उघडून स्प्रिंग सारून देतो म्हणाले, दोनशे रुपयांत. मी नको म्हटलं. ती स्प्रिंग एकदा वाकली की तिला पूर्ववत करणारा हात मला अजून भेटलेला नाही, आणि काटा ६० वर असताना आपण ५६ ने चाललोय हे आता मला पाठ आहे.