गे-लेस्बियन इव्हेंट प्लॅनरसाठी व्यावसायिक नेटवर्क : कुठली मेंबरशिप कशासाठी घ्यावी

इव्हेंटच्या धंद्यात काम ओळखीतून येतं. हॉलचा मॅनेजर, साउंडवाला, फोटोग्राफर, मागच्या वर्षीचा क्लायंट, कुणीतरी नाव सुचवतं आणि फोन येतो. गे किंवा लेस्बियन प्लॅनरची या साखळीत एक जास्तीची अडचण होते. ज्याला आपल्याबद्दल काही सांगितलेलं नाही, तो समलिंगी जोडप्याच्या लग्नाचं काम आपल्याकडे पाठवत नाही. ज्याला सांगितलं, तो इतर कामांसाठी आपलं नाव घेणं हळूहळू बंद करू शकतो. अशा वेळी व्यावसायिक संस्थेची मेंबरशिप खरंच उपयोगी पडते, पण त्यासाठी संस्था नीट पारखून घ्यायला हवी. सभासदांचा आकडा आणि वेबसाइटवरचे फोटो यांवरून काही कळत नाही. सभासद घेताना कोण तपासतं, आपलं नाव कुठे कुठे दिसतं आणि समोरासमोर कामाचं बोलणं कधी होतं, हे तीन प्रश्न विचारावेत. पुढचे पर्याय आम्ही त्याच कसोटीवर पाहिले आहेत.

नेमकी या धंद्यासाठीच असलेली संस्था म्हणजे एलजीबीटी एमपीए, म्हणजे एलजीबीटी मीटिंग प्रोफेशनल्स असोसिएशन. ती २०१६ पासून आहे आणि प्लॅनर व पुरवठादार दोघंही तिचे सभासद असतात. इथे 'रूम ब्लॉक' (एकगठ्ठा राखून ठेवलेल्या खोल्या), 'अ‍ॅट्रिशन' (राखलेल्या पण न वापरलेल्या खोल्यांची भरपाई), 'साइट इन्स्पेक्शन' (जागेची पाहणी) हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, हा तिचा मोठा गुण. झुकता कल कॉन्फरन्स आणि कॉर्पोरेट मीटिंगकडे आहे आणि गुरुत्वमध्य अमेरिकेत आहे. फक्त लग्नं करणाऱ्या प्लॅनरला त्यामुळे इथे अर्धंच मिळतं. आमचे गुण : कॉन्फरन्सवाल्यांसाठी पाचपैकी चार, लग्नवाल्यांसाठी अडीच.

या संस्थेचा खरा फायदा मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या दिवसांत होतो, कारण तेव्हा सगळे एकाच शहरात असतात. आयमेक्स या मीटिंग आणि इव्हेंट उद्योगाच्या प्रदर्शनांपैकी एक फ्रँकफुर्टला आणि दुसरं लास व्हेगासला भरतं. तिथे जाण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे 'होस्टेड बायर' म्हणून अर्ज करणं. पात्र प्लॅनरचा प्रवास आणि मुक्काम आयोजक उचलतात आणि त्या बदल्यात ठरलेल्या संख्येने पुरवठादारांच्या भेटी घ्याव्या लागतात. भेटी चुकवल्या तर खर्च वसूल करण्याची अट अशा योजनांत बहुधा असते. अर्जात पुढच्या वर्षातल्या इव्हेंटची तपशीलवार माहिती मागतात. खोल्या किती, माणसं किती, बजेटचा टप्पा कोणता, हे आधीच लिहून ठेवावं. 'लवकरच ठरेल' असं लिहिलेले अर्ज मागे पडतात.

आयजीएलटीए, म्हणजे इंटरनॅशनल एलजीबीटीक्यू+ ट्रॅव्हल असोसिएशन, ही समलिंगी पर्यटनाची संस्था १९८३ची. हॉटेलं, टूर ऑपरेटर, शहरांची पर्यटन कार्यालयं असा तिचा पसारा आहे. दरवर्षी वेगळ्या शहरात अधिवेशन होतं. २०२४चं ओसाकात झालं, २०२५चं पाम स्प्रिंग्सला. अनोळखी देशात लग्न किंवा कंपनीची सहल न्यायची असेल तर तिथला विश्वासू स्थानिक हात इथून मिळतो. घरच्याच शहरात काम करणाऱ्याला मात्र हिचा फारसा उपयोग नाही.

एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवावी. हॉटेल सभासद आहे याचा अर्थ त्याने वर्गणी भरली आहे. रिसेप्शनवरच्या माणसाला प्रशिक्षण मिळालंय असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून प्रत्येक हॉटेलला लेखी आणि नेमके प्रश्न पाठवावेत. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या नावाने डबल बेडची खोली बुक असेल तर चेक-इनच्या वेळी ती परस्पर बदलली जाते का? ओळखपत्रावरचं नाव आणि वापरातलं नाव वेगळं असेल तर कुठलं नाव पुकारलं जातं? हॉलच्या मजल्यावर सर्वांसाठी खुलं स्वच्छतागृह आहे का, की तात्पुरती पाटी लावावी लागेल? बाहेरून नेमलेल्या सुरक्षारक्षकांना हे सगळं कोण सांगणार? 'आम्ही सर्वांचं स्वागत करतो' एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारावं. ज्यांचं काम पक्कं असतं ते जबाबदार माणसाचं नाव आणि शिफ्ट लिहून पाठवतात.

एनजीएलसीसी ही अमेरिकेतली समलिंगी उद्योजकांची चेंबर, २००२ साली सुरू झालेली. हिचं मुख्य काम प्रमाणपत्र देणं. काही अमेरिकी मोठ्या कंपन्या आपल्या खरेदीचा काही भाग विविध समाजगटांतल्या पुरवठादारांकडून घेण्याचे कार्यक्रम चालवतात आणि तिथे हे प्रमाणपत्र चालतं. अट अशी की व्यवसायाची किमान ५१ टक्के मालकी समलिंगी, बायसेक्शुअल किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीकडे हवी; चालवणं आणि निर्णय घेणंही त्यांच्याकडेच हवं. अर्ज अडकतात ते इथेच. दोन मैत्रिणींनी निम्मी-निम्मी भागीदारी केलेली असते, त्यातली एकच लेस्बियन असते, तर ५० टक्क्यांवर काम होत नाही. केवळ प्रमाणपत्रासाठी एक टक्का कागदावर सरकवला आणि बँकेच्या सह्या दुसरीच करत राहिली, तर प्रत्यक्ष भेटीच्या तपासणीत ते उघडं पडतं. भागीदारी करार, शेअरचे कागद, कराची विवरणपत्रं आणि सह्यांचे अधिकार हे सगळे कागद एकच गोष्ट सांगत आहेत ना, हे अर्जाआधी एकदा शेजारी ठेवून तपासावं.

मालक या समाजगटातला आहे याचाही आधार जोडावा लागतो. ज्याने घरी किंवा बँकेत सांगितलेलं नाही, त्याने अर्ज करण्याआधी थांबून विचार करावा, कारण प्रमाणित व्यवसायांची यादी कंपन्यांच्या खरेदी विभागांना दिसावी हाच या व्यवस्थेचा हेतू आहे.

प्रमाणपत्र आलं की काम आपोआप येईल, ही समजूत महागात पडते. त्यानंतर प्रत्येक कंपनीच्या पुरवठादार पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. एक पानाचं क्षमतापत्र लागतं. त्यात कुठल्या प्रकारचे इव्हेंट करतो, जास्तीत जास्त किती माणसांचे केले, विमा किती रकमेचा, तातडीने माणसं किती उभी करू शकतो, एवढं असावं. विम्याचा कागद मुदतीतला हवा. मुदत संपलेल्या विम्यामुळे निविदा बाद होते तेव्हा कुणी फोन करून सांगत नाही. कॉर्पोरेट काम हवं असणाऱ्याला पाचपैकी साडेचार. घरगुती समारंभ करणाऱ्याने यात वेळ घालवू नये. अमेरिकेबाहेरच्या प्लॅनरने आपल्या देशात अशी चेंबर आहे का ते पाहावं; कॅनडात आहे, युरोपातही आहे.

प्राइड मिरवणुका आणि महोत्सव करायचे असतील तर रस्ता वेगळा. इंटरप्राइड ही प्राइड आयोजकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९८२ची, आणि वर्ल्डप्राइड हा जागतिक प्राइड महोत्सव कुठल्या शहरात व्हायचा हे तिचे सभासद ठरवतात. पहिला २००० साली रोममध्ये झाला. युरोपात असंच काम युरोपियन प्राइड ऑर्गनायझर्स असोसिएशन करते, पहिला युरोप्राइड १९९२ला लंडनमध्ये झाला. इथे मुख्य सभासद प्राइड भरवणाऱ्या संस्था असतात, सुटा प्लॅनर नव्हे. म्हणून आधी एखाद्या प्राइडच्या आयोजन समितीत जागा मिळवावी लागते. मार्ग आखणं, पोलिसांची परवानगी, वैद्यकीय पथक, बॅरिकेड, शेकडो स्वयंसेवक यांचं असं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. पण पैसे उशिरा मिळतात, कारण ते प्रायोजकांवर अवलंबून असतात. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरच्या पोलीस धाडीविरुद्धचा उठाव २८ जून १९६९चा असल्याने बऱ्याच देशांत प्राइड जूनमध्येच भरतात, आणि त्या महिन्यात स्टेज, जनरेटर, फिरती स्वच्छतागृहं यांची ओढाताण होते. या संस्थांतल्या ओळखींचा सगळ्यात रोकडा उपयोग हाच आहे. शेजारच्या शहराची तारीख एक आठवडा पुढे असेल तर तेच स्टेज आणि तीच क्रू दोघं मिळून घेता येते. हे बोलणं आधीच्या शरद ऋतूतच व्हायला हवं.

एमपीआय, म्हणजे मीटिंग प्रोफेशनल्स इंटरनॅशनल, ही १९७२ची, सगळ्याच प्लॅनरसाठी असलेली सर्वसाधारण संस्था. तिथे कामाचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे, समलिंगी असण्याबद्दल मोकळेपणा माणसागणिक बदलतो. दुसरी मेंबरशिप म्हणून घ्यावी. सीएमपी (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल) ही परीक्षा मात्र जरूर द्यावी. तिचं वजन सगळीकडे आहे.

आता सगळ्यात कमी खर्चाचा आणि आमच्या मते सगळ्यात जास्त काम देणारा पर्याय, म्हणजे स्वतः बांधलेलं आठ ते बारा जणांचं वर्तुळ. वरच्या संस्था माणसं भेटवतात. काम फिरतं ते अशा छोट्या वर्तुळात. माणसं निवडताना एकाच शहरात एकाच प्रकारचं काम करणारे दोघं घेऊ नयेत. लग्नाचा प्लॅनर, कॉन्फरन्सवाला, तांत्रिक निर्मिती बघणारी, निधी उभारणीचे कार्यक्रम करणारी, नोंदणी सांभाळणारा, अशी मिसळ असली की एकमेकांना काम देता येतं. नव्या सभासदासाठी आतल्या दोघांची शिफारस आणि आतल्या कुणासोबत पूर्ण केलेला निदान एक इव्हेंट, एवढी अट पुरते. गे किंवा लेस्बियन असणं ही कामाच्या दर्जाची हमी नाही, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने बोललेलं बरं.

नियम एका पानात मावले पाहिजेत. रेफरल, म्हणजे दुसऱ्याने सुचवून पाठवलेलं काम, आला की २४ तासांत हो किंवा नाही कळवायचं. रेफरलचं कमिशन किती, कशावर आणि केव्हा हे लेखी ठरवायचं. पहिल्या बिलावर की पूर्ण कामावर, यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात. कमिशन आहे हे क्लायंटला सांगायचं. दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं तर पुढचे १२ महिने त्याच्या क्लायंटकडे थेट जायचं नाही. आणि वर्तुळात बसून सगळ्यांनी मिळून दर ठरवायचे नाहीत, कारण अनेक देशांत स्पर्धेच्या कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. खर्च कसा मोजायचा याची चर्चा चालते, एकच दर बांधणं चालत नाही.

व्हेंडरची सामायिक यादी हा या वर्तुळाचा कणा. स्प्रेडशीटमध्ये नाव आणि फोन एवढंच असेल तर तिचा उपयोग नाही. शेवटचं काम कुणासोबत व कुठल्या महिन्यात झालं, समलिंगी जोडप्यासोबत काम केलंय का, तिथे कोण माणूस हजर होता, करारात भेदभाव न करण्याचं कलम मान्य केलं का, असे रकाने हवेत. माणूस नोकरी सोडून गेला की त्या केटररची किंवा हॉलची नोंद शिळी होते, म्हणून १२ महिन्यांत न तपासलेली ओळ राखाडी करावी. अमेरिकेत २०२३ साली '३०३ क्रिएटिव्ह' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेबसाइट डिझायनरला समलिंगी लग्नासाठी वेबसाइट बनवायला नकार देण्याची मुभा दिली. तिथे तरी फोटोग्राफर किंवा कार्ड डिझायनरकडून होकार अ‍ॅडव्हान्स देण्याआधी लेखी घ्यावा.

त्याच यादीत सभासदांची माहिती ठेवताना तीन पातळ्या कराव्यात: सगळ्यांना दिसलेलं चालेल, फक्त व्हेंडरना, फक्त वर्तुळात. प्रत्येकाने आपली पातळी स्वतः भरावी. आजही साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत, आणि परदेशी कामासाठी जाणाऱ्या सभासदाचं नाव उघड लिंकवरच्या यादीत असणं धोक्याचं आहे. 'लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल' हे सेटिंग पहिल्या दिवशी बंद करावं. ग्रुप फोटो टाकण्याआधी विचारावं. कार्यक्रमातही फोटो नको असलेल्यांच्या बॅजला वेगळ्या रंगाची फीत द्यावी आणि फोटोग्राफरला ती आधी दाखवावी.

वर्तुळाचा आणखी एक फायदा म्हणजे करारातल्या कलमांची देवाणघेवाण. २०१६ साली नॉर्थ कॅरोलायनात ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वच्छतागृह वापरावर बंधन घालणारा एचबी-२ कायदा आला आणि एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगने २०१७चा ऑल-स्टार सामना शार्लटहून न्यू ऑर्लिन्सला हलवला. छोट्या प्लॅनरकडे तेवढी ताकद नसते, त्याचं डिपॉझिट अडकतं. नेहमीचं दैवी आपत्तीचं कलम अशा वेळी सहसा कामी येत नाही, कारण हॉल उभा आहे आणि वापरताही येतो. म्हणून वेगळं कलम हवं: सही झाल्यावर पाहुण्यांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा लागू झाला तर किती दिवसांत नोटीस द्यायची, किती डिपॉझिट परत मिळेल, तारीख हलवता येईल का. एका सभासदाने हे कलम एखाद्या हॉटेलकडून मान्य करून घेतलं असेल तर पुढच्याला वाटाघाटी सोप्या जातात. शब्दरचना आपल्या वकिलाला मात्र दाखवावी.

वर्तुळं मोडतात ती बहुधा दोन कारणांनी. एकाच माणसाकडे सगळ्या क्लायंटचे फोन येऊ लागतात आणि तो हवं त्याला काम वाटतो. त्यावर उपाय म्हणजे आलेला प्रत्येक रेफरल यादीत तारखेसह नोंदवणं. दुसरं, ग्रुप शुभेच्छा आणि जाहिरातींनी भरतो आणि 'उद्या सकाळी साउंड हवाय' हा निरोप कुणी वाचत नाही. तातडीच्या कामासाठी वेगळा ग्रुप ठेवावा आणि तिथे दुसरं काहीही टाकू नये. इव्हेंटच्या दिवशी प्लॅनर आजारी पडला तर दुसऱ्याला उभं राहता यावं म्हणून वेळापत्रक, व्हेंडरचे फोन, करारांच्या प्रती आणि कुणाला किती पैसे देणं बाकी आहे, हे एका फोल्डरमध्ये आदल्या संध्याकाळपर्यंत ठेवलेलं असावं.

संस्थांच्या मेंबरशिपचं नूतनीकरण आपोआप होत असेल तर ते बंद करून ६० दिवस आधीची आठवण लावावी. त्या दिवशी यादी काढावी: या संस्थेतून किती चौकशा आल्या, किती कोटेशन गेली, किती व्हेंडर मिळाले. दोन वर्षांत एकही कोटेशन गेलं नसेल तर सोडावी. सोडताना सभासद यादीतून नाव काढल्याचं ईमेलने लेखी घ्यावं, आणि जुन्या वर्षांच्या पीडीएफ याद्या वेबसाइटवर अजून उघडतात का ते सर्च इंजिनमध्ये स्वतःचं नाव टाकून पाहावं.