ॲरिझोनाचा जुना ट्रक, मिठाचे रस्ते: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

वाळवंटी हवेत वाढलेला पिकअप ट्रक अमेरिकेच्या उत्तरेला ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या बाजूला आणून वापरायला लागलो, त्याला आता एक अख्खा हिवाळा आणि वर उन्हाळा उलटला. घेताना सगळं लक्ष खालच्या लोखंडावर होतं आणि त्या बाबतीत पैसे वसूल झाले. डोकेदुखी झाली ती रबराची, प्लास्टिकची आणि कूलंटची. जाहिरातीत विकणारा 'रस्ट-फ्री' (गंज नसलेला) लिहितो आणि घेणारा तेवढंच वाचून खूश होतो, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर लिहितोय.

आधी इकडच्या हवेबद्दल. इथे पत्रा खातो तो पाऊस नव्हे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ. डेट्रॉईट हे मोटारींचं शहर, आणि त्याच शहराच्या पोटात साधारण १२०० फूट खोल मिठाची खाण आहे. मिनेसोटापासून मेनपर्यंतच्या पट्ट्याला इथे 'सॉल्ट बेल्ट' म्हणतात, आणि गंजाशी संबंधित काही रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) तर फक्त याच राज्यांत नोंदलेल्या गाड्यांपुरते निघतात. साधं मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ते जास्त वाईट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली की साधं मीठ कोरडं पडतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून घेत ओलंच राहतं. म्हणजे रस्ता कोरडा दिसत असला तरी चॅसीच्या बेचक्यात गंज आपलं काम चालू ठेवतो. त्यातून गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये लावायची सवय असेल तर बघायलाच नको. बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीत गंजण्याची क्रिया मंदावलेली असते, गॅरेजमध्ये बर्फ वितळून खारं पाणी कोमट होतं आणि ती जोरात चालते.

म्हणून कोरड्या राज्यातला ट्रक शोधायचा, हे इथे सगळ्यांनाच माहीत असतं. गल्लत पुढे होते. ट्रक आज कुठे विकायला उभा आहे याला फारसा अर्थ नाही. त्याने हिवाळे कुठे काढले ते बघायचं. टेक्सासच्या डीलरकडचा ट्रक आधी आठ वर्षं ओहायोत राबून लिलावातून तिकडे गेलेला असू शकतो. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, घेऊन हिस्टरी रिपोर्ट काढला की कुठल्या राज्यात केव्हा नोंदणी होती, तपासणी कुठे झाली हे ओळीने दिसतं. अपघाताची नोंद सगळेच वाचतात, मी राज्यांची नावं आधी वाचतो. राज्याच्या नावावरही फार विसंबू नये. ॲरिझोना म्हटलं की फिनिक्सचं ऊन डोळ्यासमोर येतं, पण फ्लॅगस्टाफ त्याच राज्यात २१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे भरपूर बर्फ पडतो. कोलोरॅडोची हवा कोरडी, पण तिथल्या रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड सर्रास मारतात. फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर बर्फ नाही, तरी खारा वारा आहे आणि ट्रक थेट समुद्राच्या वाळूत घालण्याची हौसही आहे. शिवाय पुराच्या गाड्या. २०१७ मध्ये हार्वी आणि २०२२ मध्ये इयन वादळानंतर पाण्यात बुडालेल्या अशा असंख्य गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या राज्यांत विकायला गेल्या. एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या गुन्हेविरोधी संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन फुकट तपासता येतो, ते न करता टोकन देऊ नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ असेल तर तिथूनच परत फिरावं.

दुरून गाडी घेताना फोटोंवर अवलंबून राहावं लागतं, आणि विकणारा फोटो पाठवतो ते चकचकीत बॉनेटचे. मी ठरावीक जागांचे मागितले: मागच्या एक्सलच्या वरून जाणारी चॅसी, पाटे जिथे चॅसीला अडकतात ते हँगर, स्टेपनी टांगायची जागा, केबिनचे खालचे मागचे कोपरे आणि ब्रेकचे पाईप. दोघा विक्रेत्यांनी उत्तर देणंच बंद केलं. ठीकच झालं. जो ट्रक घेतला त्याच्यासाठी तिथल्याच एका त्रयस्थ मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवायला लावली आणि व्हिडिओ कॉलवर सोबत राहिलो. त्याने छोट्या हातोडीने चॅसी ठोकत नेली. शाबूत लोखंडाचा टण् आवाज कानाला लगेच कळतो, पोपडे धरलेल्या जागी तो बद्द होतो. मग डब्यासारख्या बंद चॅसीच्या छिद्रातून बारीक कॅमेरा आत घातला. हे फार महत्त्वाचं, कारण बंद चॅसी आतून सडते आणि बाहेरचा काळा रंग शेवटपर्यंत जसाच्या तसा दिसतो. आत फिकट तपकिरी झाक आणि लाल धूळ होती, पोपडे नव्हते. वरवरच्या झाकेला घाबरायचं कारण नाही. खाली ताजं काळं अंडरकोटिंग फासलेलं दिसलं तर मात्र घाबरावं; विकायच्या तोंडावर कोणी हौसेने ते करत नाही.

लोहचुंबक फिरवून पत्र्यातली पुट्टी शोधायची जुनी युक्ती अजून चालते, फक्त २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० वर ती करायला जाऊ नका. त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, चुंबक कुठेच चिकटणार नाही. चॅसी त्याचीही पोलादीच, तेव्हा बॉडी गंजत नाही म्हणून खाली वाकायचं टाळता येत नाही.

चॅसीवर एवढं अडून बसण्याचं कारण जुनं आहे. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या टकोमा ट्रकच्या चॅसीची गंजहमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि ज्यांच्या चॅसी पार खाल्ल्या गेल्या होत्या ते ट्रक बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतले. इंजिन ठणठणीत आणि चॅसीत बोट जाईल एवढी भोकं, अशी ती अवस्था. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चॅसी बदलायची म्हणजे सगळा ट्रक उतरवायचा, आणि जुन्या गाडीवर तेवढी मजुरी कोण घालतो?

आता वापराबद्दल. सगळ्यात मोठा फायदा मला गॅरेजमध्ये कळला. मागचे शॉक ॲब्सॉर्बर घरीच बदलले, आणि एवढ्या जुन्या गाडीचे नट पान्याच्या पहिल्या झटक्यात सुटले. इकडच्या गाडीवर हेच काम म्हणजे आदल्या रात्री तेल मारून ठेवा, सकाळी गॅसची ज्योत लावा, शेवटी बोल्ट तुटला की ड्रिल घेऊन बसा. स्थानिक मेकॅनिक तर गाडी लिफ्टवर घेतल्या घेतल्या म्हणाला, ही इकडची नाही. तासावर पैसे मोजणाऱ्याला या सुटणाऱ्या बोल्टांची किंमत सांगायला नको. ब्रेकचं काम, सायलेन्सरचं काम, सगळं मुकाट्याने झालं.

आणि आता उन्हाचा हिशोब. डॅशबोर्डला काचेच्या कडेने तडे होते ते माहीत होते. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या रबरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. टायरवर 'DOT' (डीओटी, अमेरिकेचं वाहतूक खातं) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर बदलणं भाग होतं, ते किमतीत धरूनच घासाघीस केली. दरवाज्यांची रबरं मात्र वाळवंटात कोणी तपासत नाही, कारण तिथे पाऊसच नसतो. पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या सीटखालचा गालिचा भिजला. रबर हाताने दाबलं तर दबतच नव्हतं, पुठ्ठ्यासारखं कडक. छताच्या रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोटही सोलत चाललाय, तो मी सोडून दिलाय.

थंडीसाठी तर ट्रकची तयारी शून्य होती. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी. कूलंट रिफ्रॅक्टोमीटरवर तपासला तर शून्याच्या खाली जेमतेम काही अंशांपर्यंत टिकेल एवढाच निघाला, कारण वर्षानुवर्षं कमी पडला की नळाचं पाणी ओतलेलं. पाणी आणि कूलंट निम्मेनिम्मे असले तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही. सगळा काढून नवा भरला. हे थंडी पडायच्या आधी केलं नसतं तर इंजिन ब्लॉकला तडा जाण्याची पुरेपूर शक्यता होती. दक्षिणेतून गाडी आणणाऱ्या प्रत्येकाने आल्या दिवशी हे काम करावं, धुणं-पुसणं नंतर. बॅटरीनेही पहिल्या खऱ्या थंडीत मान टाकली. बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते आणि थंडी ते उघडं पाडते.

चॅसीतली ती लाल धूळ दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. आत ओल गेली की तिचा चिखल होतो आणि तो ओल धरून बसतो. पाण्याच्या नळीला बारीक तोंड लावून एका छिद्रातून पाणी सोडलं, तर दुसऱ्या टोकाने कितीतरी वेळ गेरूसारखं पाणी येत राहिलं. ते नितळ झाल्यावर दोन दिवस गाडी उन्हात वाळवली आणि मग लॅनोलिनचा फवारा आतून-बाहेरून मारला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. पहिले काही दिवस गाडी सुरू केली की वास येतो, नंतर जातो. रबरी बुश वाचवून मारावं, काही रबरं त्याने फुगतात. पाणी निथळायची छिद्रं बुजवू नयेत. वाळून कडक होणारं रबरी कोटिंग मी मुद्दाम टाळलं. त्याला चीर गेली की खारं पाणी आत अडकतं आणि वरून पत्ताही लागत नाही.

हिवाळाभर थंडी ओसरलेल्या दिवशी खालून धुऊन घेत राहिलो. वसंतात लिफ्टवर बघितलं तर लॅनोलिनचा थर बहुतेक ठिकाणी टिकला होता, मागच्या चाकांच्या समोर मात्र खडीच्या माऱ्याने धुऊन गेला होता आणि तिथे नव्या गंजाचे नारिंगी ठिपके धरले होते. तारेच्या ब्रशने घासून पुन्हा मारलं. या पट्ट्यात हे दर शरदात करावं लागणार, ते जमणार नसेल तर ॲरिझोनाहून वाहतुकीचा खर्च करून ट्रक आणण्यात अर्थ नाही. चांगली चॅसी इथे काही हिवाळ्यांत इथल्यासारखीच होते.

दोन-तीन वर्षं वापरून विकायचा असेल तर मी म्हणेन इथलाच, पहिल्या मालकाने दरवर्षी तेल मारून घेतलेला आणि त्याच्या पावत्या जपलेला ट्रक शोधा. असे मिळतात, आणि त्यांचे टायर, बॅटरी, कूलंट इथल्या थंडीला तयार असतात. मला हा दहा वर्षं ठेवायचाय आणि बरीचशी कामं स्वतः करायची आहेत, त्यामुळे दरवाज्यांची रबरं आणि डॅशबोर्ड धरूनही मी पुन्हा तिकडचाच घेईन. मागच्या काचेचं रबर अजून बदलायचं राहिलंय. नवं मागवलंय.