रतनगड ते हरिश्चंद्रगड: ४० लिटरची सॅक की ६० लिटरची?

रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत आणि पाचनई या वाटेने हरिश्चंद्रगड गाठणाऱ्यांना पहिला निर्णय सॅकच्या आकाराचा घ्यावा लागतो.

६० लिटरच्या सॅकमध्ये तंबू, जाड स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि शिधा असे सारे मावते. मात्र मोकळी जागा दिसली की सामान भरत जाण्याचा मोह कुणालाच आवरत नाही, आणि त्यात तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलोंची भर पडली की रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर सॅक मागे ओढू लागते व तोल सांभाळणे कठीण होते. रानातल्या अरुंद वाटेवर बाहेर लटकवलेली कॅरीमॅट (झोपताना अंगाखाली घालायची चटई) करवंदीच्या जाळीत अडकते, हा त्रास वेगळाच.

४० लिटरची सॅक निवड करायला भाग पाडते. चालण्याचा एक आणि झोपण्याचा एक असे कपड्यांचे दोनच जोड, पातळ स्लीपिंग बॅग, विजेरी, औषधे आणि सुका खाऊ एवढे तिच्यात नीट बसते. कुमशेत व पाचनईत घरगुती जेवणाची सोय आधी ठरवून ठेवता येते, त्यामुळे भांडीकुंडी वाहण्याचे कारण उरत नाही. जड वस्तू पाठीलगत व मध्यभागी ठेवाव्यात आणि कंबरपट्टा घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो.

या वाटेसाठी माझे मत निःसंशय ४० लिटरच्या बाजूने आहे. डिसेंबर-जानेवारीत गडावर तंबूत मुक्काम करून स्वतःच स्वयंपाक करणार असाल, तरच मोठी सॅक घ्यावी.