वीव्हर के-४, एल पासो: जुन्या रायफल-दुर्बिणीला आज काय भाव द्यावा?

कोल्हापुरात कोणाच्या कपाटातून रायफलीची जुनी दुर्बीण निघाली की घरच्यांचा हिशेब ठरलेला असतो: हे नेमबाजांचे शहर आहे, तेव्हा गिऱ्हाईक मिळायला वेळ लागणार नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. तरीही तो चुकीचा आहे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर भिंगांची दुर्बीण चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडी असते, आणि दुधाळीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींना तुमच्या आजोबांच्या स्कोपचा काडीचाही उपयोग नसतो. पुनर्विक्रीच्या किमतीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो, कारण ज्याला गिऱ्हाईक समजून आपण भाव ठरवतो तो मुळात गिऱ्हाईकच नसतो.

ज्या दुर्बिणीविषयी हे लिहितो आहे ती वीव्हर कंपनीची के-४ आहे. ताराबाई पार्कातल्या एका कुटुंबाने ती विकायला काढली असून भाव सांगण्यासाठी माझ्याकडे दिली होती. वडिलांची .२२ रायफल रीतसर जमा झाली, दुर्बीण मात्र चामड्याच्या डब्यात तशीच राहिली. घरातल्या काकांनी परदेशातल्या जाहिराती पाहून आकडा मनाशी पक्का केला होता. "तीनशे डॉलर लावलेत की तिकडं!" असे ते म्हणाले, आणि रुपयांत पंचवीस हजारांची अपेक्षा त्यांनी बोलून दाखवली. जाहिरातीत लावलेला भाव आणि प्रत्यक्षात पदरात पडलेला भाव यांतला फरक त्यांना समजावून सांगण्यातच निम्मी संध्याकाळ गेली. जी वस्तू तीनशे डॉलरला महिनोन्‌महिने पडून राहते, तिची किंमत तीनशे डॉलर नसते. ज्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे पाहता येतात, तिथले आकडे तेवढे विचारात घ्यावेत आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करावे.

प्रथम वस्तूची ओळख. वीव्हरची कंपनी १९३० मध्ये सुरू झाली आणि पुढे टेक्सासमधल्या एल पासो शहरात स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या तिच्या के मालिकेने सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी पोलादी नळीची दुर्बीण दिली. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. वीव्हर हे नाव पुढेही चालू राहिले, पण नंतरचा बराच माल जपानमध्ये तयार झालेला आहे. त्यामुळे नळीवर 'एल पासो, टेक्सास' असे कोरलेले आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. जपानी बनावटीची दुर्बीण वाईट असते असे नाही, उलट काच पुष्कळदा अधिक स्वच्छ असते. परंतु संग्राहक पैसे मोजतो तो एल पासोच्या शिक्क्यासाठी. आपल्या दुर्बिणीवर तो शिक्का स्पष्ट वाचता येतो आणि ही तिची पहिली जमेची बाजू आहे.

नळीची जाडी अंदाजाने ठरवू नये. उद्यमनगरात कोणत्याही लेथवाल्याकडे व्हर्नियर कॅलिपर असते आणि तो मिनिटभरात माप सांगतो. के-४ ची नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची आहे आणि दुर्बीण रायफलीवर आवळून धरणाऱ्या या मापाच्या रिंग्ज आजही सर्रास मिळतात. जुन्या जर्मन आणि ऑस्ट्रियन दुर्बिणींची नळी बऱ्याचदा २६ मिलिमीटरची असते. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच अधिक आहे, पण एक इंचाची रिंग तिच्यावर नीट बसत नाही, आणि जबरदस्तीने आवळली तर नळीवर कायमचा वळ उठतो. अशा दुर्बिणीसाठी रिंग्ज उद्यमनगरात करून घेता येतात, कारण आपल्याकडे तेवढे कसबी टर्नर आहेत; मात्र तो खर्च घेणारा आधी वजा करतो आणि मग भाव बोलतो. के-४ ला ही अडचण नाही. तिच्या नळीवर रिंगच्या जागी रंग थोडा उडाला आहे, पण बोट फिरवले तर खाच लागत नाही. रंग उडणे हे वापराचे चिन्ह आहे, खाच पडणे हा दोष आहे, आणि घासाघीस करणारा या दोहोंना मुद्दाम एकच म्हणतो. विकणाऱ्याने तिथे नमते घेऊ नये.

बाहेरून पाहिले तर कोणीही या दुर्बिणीला चांगलीच म्हणेल. खरी परीक्षा आत आहे, आणि ती अंधारात करावी लागते. खोलीतले दिवे बंद करून पुढच्या भिंगातून तिरक्या कोनात टॉर्चचा झोत सोडावा आणि डोळा मागच्या भिंगापासून वीतभर दूर ठेवून नळीच्या आत पाहावे. दिवसाउजेडी जी काच निर्मळ वाटते, तिच्यावर या झोतात सगळे दिसू लागते. धुळीचे दोन-चार कण दिसले तर सोडून द्यावेत, त्यांनी प्रतिमा बिघडत नाही. दुधाळ, सारखा पसरलेला पातळ थर दिसला तर तो बहुधा आतल्या ग्रीसची वाफ भिंगावर बसून झालेला असतो. त्याने उजेड कमी होतो, पण तो साफ होऊ शकतो. कडेला इंद्रधनुषी पट्टे किंवा पिवळसर डाग दिसले, तर दोन भिंगांना जोडणारा जुना डिंक सुटू लागला आहे असे समजावे आणि त्या दुर्बिणीसाठी वापराचा भाव द्यायचा विचार सोडावा. आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी असते.

या के-४ च्या मागच्या भिंगाच्या आतल्या बाजूला, कडेपासून सुरू होऊन मध्याच्या अलीकडे थांबलेले असे तंतू दिसले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे घडण्यात नवल नाही, पण त्याला मदत केली ती त्या सुंदर चामड्याच्या डब्याने. चामडे दमटपणा धरून ठेवते आणि बंद डब्यात तो महिनोन्‌महिने भिंगांजवळ कोंडलेला राहतो. डबा विकताना शोभेचा ठरतो हे खरे, परंतु दुर्बीण त्यात ठेवू नये. ती कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि चामड्याचा डबा शेजारी वेगळा ठेवावा. बुरशीचा दुसरा त्रास असा की ती साफ केली तरी काही वेळा भिंगावरच्या लेपात आणि काचेत कोरलेली खूण मागे उरते. तंतू अजून मध्यापर्यंत पोचलेले नसल्यामुळे डोळा लावल्यावर चित्रात काही जाणवत नाही, त्यामुळे मी किंमत निम्म्यावर न आणता साधारण चौथा हिस्सा वजा केला. मध्यावर बुरशी असती तर निम्म्याहून जास्त वजा केला असता.

साफ करून मग विकावी का, असे काकांनी विचारले. माझे उत्तर नाही असे होते. कॅमेऱ्याची भिंगे उघडून साफ करणारे कारागीर आपल्या शहरात आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे, पण रायफलीच्या दुर्बिणीत भिंगे पुन्हा त्याच अक्षात बसवणे आणि नळी पुन्हा हवाबंद करणे हे वेगळे काम आहे. एकदा उघडलेल्या दुर्बिणीवर जाणकार गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, आणि स्क्रूच्या खाचांवर उमटलेल्या ओरखड्यांवरून ते त्याच्या लगेच लक्षात येते. बुरशी आहे तशी दाखवावी आणि तिचा फोटो टॉर्चच्या झोतातच काढावा.

काचेनंतर यंत्रणा. रायफल नसताना ती तपासता येत नाही असा गैरसमज आहे, आणि परवान्यावरची रायफल परीक्षेसाठी दुसऱ्याच्या हाती देण्याचा तर प्रश्नच येत नाही. फिटरकडचा लोखंडी व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) जड टेबलावर घट्ट बसवून त्यात दुर्बीण ठेवावी. सुमारे ५० मीटरवर एका पुठ्ठ्यावर काळ्या इन्सुलेशन टेपने साडेचौदा सेंटिमीटर बाजूचा चौकोन करून लावावा. त्या अंतरावर ही लांबी कोनाच्या जवळजवळ १० मिनिटांएवढी भरते (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). दुर्बिणीत दिसणारी नेमाची फुली एका कोपऱ्यावर आणून टरेटच्या, म्हणजे नेम सरकवणाऱ्या बटणाच्या, खुणांप्रमाणे १० मिनिटे उजवीकडे, मग १० खाली, मग १० डावीकडे आणि शेवटी १० वर अशी फिरवावी. यंत्रणा निरोगी असेल तर फुली प्रत्येक कोपऱ्यावर थांबत जाऊन सुरुवातीच्या जागी परत येते. डोळा हलला तर निष्कर्ष फसतो, म्हणून मागच्या भिंगावर मध्यभागी लहान भोक पाडलेला कागद चिकटवून पाहावे.

आपली के-४ आडव्या दिशेला अचूक चालली. उभ्या दिशेला वर नेताना ती अडखळली: टरेट फिरवला तरी फुली जागची हलली नाही, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टरेटवर हलके टकटक केल्यावर एकदम योग्य जागी गेली. जुन्या दुर्बिणींत हा दोष ओळखीचा आहे. आतली स्प्रिंग सैल पडलेली असते किंवा ग्रीस घट्ट झालेले असते. जुनी माणसे नेम लावल्यावर टरेटवर टिचकी मारत ती याचसाठी. एकदा नेम जमवून पुन्हा हात न लावणाऱ्याला याने फारसे अडत नाही, पण अंतराप्रमाणे टरेट फिरवणाऱ्याला ही दुर्बीण देऊ नये, आणि जाहिरातीत हे वाक्य स्पष्ट लिहावे.

आणखी एक गोष्ट नवख्या गिऱ्हाइकाला घाबरवते. सुरुवातीच्या काळातल्या के मालिकेत फुली नेहमी चित्राच्या मध्यावर राहत नाही. नेम बदलला की ती दृश्यात सरकलेली दिसते. नंतरच्या वीव्हरमध्ये फुली कायम मध्यावर राहते. सरकलेली फुली पाहून दुर्बीण बिघडली असे म्हणणे चूक आहे, तशीच तिची रचना आहे. मात्र भावावर तिचा परिणाम होतोच, कारण आजच्या डोळ्याला त्याची सवय नाही. ही दुर्बीण नंतरच्या प्रकारातली असल्यामुळे तो प्रश्न आला नाही.

राहता राहिला प्रश्न तो खऱ्या गिऱ्हाइकाचा. शहरात एअर रायफलचा छंद असणारे पुष्कळ तरुण आहेत आणि पहिला फोन त्यांचाच येतो. त्यांना ही दुर्बीण विकू नये असे मी स्पष्ट सांगेन. सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या, रायफलीच्या जुन्या दुर्बिणींचे पॅरालॅक्स (ज्या अंतरावर डोळा हलला तरी फुली निशाण्यावरून सरकत नाही ती जुळणी) साधारण १०० यार्डांवर कायमचे बसवलेले असते, म्हणून १० मीटरवर चित्र अस्पष्ट दिसते आणि डोळा जरा हलला की फुली निशाण्यावरून सरकते. शिवाय स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो. मागचा धक्का सहन करण्यासाठी बनवलेली जुनी दुर्बीण त्या पुढच्या झटक्याने खिळखिळी होते, फुलीची तार तुटते, आणि मग विकणाऱ्याच्या नावाने शिमगा होतो. या मुलांना पुढचे भिंग फिरवून पॅरालॅक्स जुळवता येणारी, एअर रायफलीसाठी बनवलेली नवी दुर्बीणच घेऊ द्यावी.

.३१५ बोअरची परवानाधारक रायफल असलेले शेतकरी हा दुसरा गट. त्यांच्या रायफलीवर दुर्बीण बसवायला रिंग्ज धरणारा बेस लावावा लागतो, बऱ्याचदा रिसीव्हरला (नळीमागच्या पोलादी सांगाड्याला) भोके पाडावी लागतात, आणि ते काम परवानाधारक गनस्मिथशिवाय करायचे नसते. त्या खर्चापुढे जुनी दुर्बीण घेण्याची हौस लवकर ओसरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा हेतूच उरलेला नाही. पूर्वी संस्थानाचे शिकारीचे रान असलेल्या दाजीपूरच्या जंगलात आज लोक गवे पाहायला जातात. उरतो तो संग्राहक, किंवा रिंग्ज थेट बसवण्यासाठी ११ मिलिमीटरचा डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असलेली जुनी .२२ ब्रनो रायफल जपून ठेवणारा माणूस. असे गिऱ्हाईक थोडे असते, पण तेच योग्य भाव देते.

भाव ठरवताना वेगवेगळ्या नावांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. झाइस, कालेस, हेन्सोल्ट यांच्या जुन्या दुर्बिणी काच निर्मळ असेल तर किंमत टिकवून असतात. अमेरिकन ल्युपोल्डला कंपनीच्या आजीवन हमीचा आधार आहे आणि ती हमी पहिल्या मालकापुरती मर्यादित नाही, पण दुर्बीण अमेरिकेत पाठवून परत आणण्याचा खटाटोप इथल्या माणसाने भावात धरू नये. मधल्या दर्जाच्या जुन्या दुर्बिणींची मात्र पंचाईत आहे, कारण आजच्या स्वस्त दुर्बिणीवर अनेक थरांचा लेप असतो आणि संध्याकाळच्या उजेडात ती जुन्या मधल्या दर्जाच्या दुर्बिणीपेक्षा उजळ दिसते. के-४ याच मधल्या वर्गातली आहे. तिचे पोलाद आजच्या ॲल्युमिनियमपेक्षा दणकट आहे, फुली बारीक आणि सुबक आहे, परंतु तिन्हीसांजेला तिच्यातून दिसणारे चित्र नव्या दुर्बिणीपुढे फिके आहे, हे मान्य केले पाहिजे.

सोबत आलेल्या रिंग्ज आणि बेसचा विचार काकांच्या डोक्यातच नव्हता. वीव्हर पद्धतीचे आडव्या खाचांचे बेस आजही वापरात आहेत आणि सैन्यात रूढ झालेली पिकॅटिनी रेल याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. म्हणून त्या मूळ पोलादी रिंग्ज दुर्बिणीबरोबर फुकट देऊ नयेत. टरेटच्या दोन्ही टोप्या शाबूत आहेत याचाही उल्लेख करावा, कारण त्या हरवलेल्या असतील तर बदली मिळवताना नाकीनऊ येतात.

सगळे जमेस धरून माझे मत असे: दुर्बीण सात ते आठ हजार रुपये, रिंग्ज आणि बेस वेगळे दीड हजार, चामड्याचा डबा घेणाऱ्याच्या हौसेवर. काकांचे तोंड उतरले, पण त्यांनी जाहिरातीत साडेनऊ हजारांचा एकत्रित भाव लिहिला, बुरशीचा आणि उभ्या टरेटचा दोष नमूद केला, नळीवरच्या क्रमांकासह फोटो टाकले. आठ हजारांच्या खाली त्यांनी उतरू नये, आणि दिवाळीपर्यंत विचारणा आली नाही तर रिंग्ज आधी विकून टाकाव्यात.