चार काड्या दिसतात, आवाज मात्र पोचत नाही: दोन सिम काही महिने वापरल्यावर

स्पीडटेस्टचे स्क्रीनशॉट इथे मिळणार नाहीत. ५जी काय, बँड काय हे वाचणाऱ्यांना माहीत असतंच, तेही उगाळत बसत नाही. मला फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्यांबद्दल बोलायचंय. एवढं लांबलचक लिहिलंय ते त्या चार काड्यांपायीच.

एका फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम आहेत. एकीचा नंबर वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे, ती जुनी. दुसरी ५जीच्या जाहिराती बघून घेतली, पॅकही जुनीपेक्षा महाग; ती नवी. आतल्या खोलीत नवी चार काड्या दाखवते, जुनी जेमतेम दोन. आणि तरीही त्या खोलीत बसून कुणाशी धड बोलायचं असेल तर आज फोन जुनीवरूनच करावा लागतो.

नवी घेतली तेव्हा असं नव्हतं, हे आधी सांगते. तेव्हा जुनीची आतल्या खोलीत रडकथा होती. फोन आला तर आला, नाहीतर नंतर मिस्ड कॉलचा मेसेज. नवी त्यामानाने झकास चालली. मग तिचा मेसेज आला की तुमच्या परिसरात नेटवर्क अपग्रेड झालंय, आणि त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. समोरच्याचा आवाज मला खणखणीत ऐकू यायचा, माझा त्याला तुटक. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी आपली बोलत राहायचे आणि बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणायचं, "अगं, तुझं काहीच कळलं नाही, परत सांगशील?" माझ्या स्क्रीनवर सगळे व्यवस्थित हलताना दिसायचे, त्यांच्या स्क्रीनवर मी तोंड अर्धवट उघडून गोठलेली. फोटो पाठवायला घेतला की गोल फिरतंय ते फिरतंय. वर काड्या चारच्या चार, शेजारी झोकात ५जी.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये तुमच्याकडे सिग्नल एक्सलंट दिसतोय." मी म्हटलं, मलाही तसाच दिसतोय, तोच तर त्रास आहे. त्यावर पलीकडून, "हॅलो? मॅडम, आवाज कट होतोय तुमचा, जरा रेंजमध्ये येऊन बोलता का?" मी त्याच खोलीतून, त्यांच्याच सिमवरून बोलत होते. तक्रार नोंदवली गेली आणि लगेचच ती निकाली काढल्याचा मेसेजही आला. उपाय काय, तर फोन रीस्टार्ट करा, सिम काढून परत घाला. परत तक्रार, परत रीस्टार्ट. एकाने तर मोठ्या मनाने मला आणखी वरचा पॅक सुचवला.

तेव्हापासून मी काड्यांकडे बघणं सोडलं आणि आकडा बघायला लागले. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं आत गेलं की सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल केलं की सगळा पडदाच उघडतो. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. ४जी-५जीला उणे ८०-८५ म्हणजे ऐश, उणे १०० म्हणजे चालून जातं, उणे ११५ च्या पुढे देवाक काळजी. यातली गोम अशी की १० चा फरक म्हणजे सिग्नल सरळ एक दशांश. तीनचा फरक म्हणजे निम्मा. आतल्या खोलीत नवीचा आकडा निघाला उणे ११२. त्याच्यावर चार काड्या!

कुठल्या आकड्याला किती काड्या, हे जगात कुणी ठरवून दिलेलंच नाही. फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो, आणि अँड्रॉइडमध्ये मोबाइल कंपनीही आपापले उंबरठे घालून देऊ शकते. म्हणजे एकाच फोनवर, तेवढ्याच सिग्नलला, एका सिमवर दोन आणि दुसऱ्यावर तीन काड्या दिसू शकतात. त्याहून कहर म्हणजे अँड्रॉइडच्या कोडमध्ये कंपनीसाठी असं एक बटण आहे की मोजून आलेल्या काड्यांमध्ये एक वाढवून दाखवायची. आणि हे फक्त अँड्रॉइडचं दुखणं नाही. जुलै २०१० मध्ये आयफोन ४ वरून बोंबाबोंब झाली तेव्हा ॲपलने स्वतः पत्रक काढून सांगितलं होतं की काड्या मोजायचं आमचं सूत्र साफ चुकीचं आहे, कित्येकदा दोन काड्या जास्त दिसतात, आणि हे पहिल्या आयफोनपासून असंच चालत आलंय. पहिला आयफोन २००७ चा. तीन वर्षं लोक त्या काड्या बघून खिडकीशी जाऊन उभे राहत होते.

बरं, आकडा खरा धरला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. टॉवर भोंग्यावरून बोलतो आणि आपला फोन नुसत्या तोंडाने. टॉवरवरचा रेडिओ दहा-वीस वॅटचा तरी असतो. फोनची जास्तीत जास्त ताकद साधारण २०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा पाचवा हिस्सा. काडी आणि डीबीएम, दोन्ही भोंगा किती ऐकू येतोय तेवढंच मोजतात. म्हणून मला सगळ्यांचं ऐकू येतं आणि माझं कुणाला जात नाही.

नवीचं ५जी एन७८ बँडवर आहे, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर. या बँडची वाहून न्यायची क्षमता मोठी, पण भिंत आली की दम सुटतो. शिवाय इथे यायची आणि जायची वाट एकच, वेळ वाटून घेतलेली. आणि त्या वाटणीत सहसा बराच मोठा हिस्सा डाउनलोडला असतो, कारण जाहिरातीत डाउनलोडचा आकडा छापतात. अपलोडचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेली एकतरी जाहिरात दाखवा. साधा कॉल माझ्या सिमवर ४जीवरून जातो, पण नवीचं ४जीसुद्धा माझ्या घरापर्यंत पोचतं ते वरच्याच, म्हणजे जास्त मेगाहर्ट्झच्या बँडवर. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्या ५जी अक्षरांचंही तसंच. बऱ्याच कंपन्यांचं ५जी अजून ४जीच्या खांद्यावर बसलेलं आहे; फोन आधी ४जीला जोडला जातो आणि वरून जमलं तर ५जीची जोड मिळते. टॉवरने नुसतं "इथे ५जीची सोय आहे" असं कळवलं तरी कित्येक फोन ५जी लिहून मोकळे होतात, प्रत्यक्षात त्या क्षणी डेटा ४जीवरूनच चाललेला असतो. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २०१९ च्या सुरुवातीला यावर कडी केली होती. सुधारित ४जी असलेल्या फोनवर त्यांनी "५जी ई" असं चिन्हच झळकवलं. त्यावरून स्प्रिंट ही प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली आणि पुढे आपसात मिटवलं.

आता जुनीबद्दल. इथे माझं मत पार फिरलं आणि त्याला कारण झालं एक अपग्रेडच, फक्त गाजावाजा न केलेलं. जुनीने ३जी बंद करत असल्याचा मेसेज पाठवला. मी म्हटलं, झालं, आता हिचंही संपलं. पहिले काही दिवस खरंच हाल झाले, कारण कॉल आला की फोन ४जी सोडून ३जीवर उतरायचा आणि आता उतरायला जागाच नव्हती. व्होएलटीईचं, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायच्या सोयीचं, बटण सेटिंगमध्ये बंद पडलेलं होतं. ते चालू केलं आणि कॉल ४जीवरूनच यायला-जायला लागले, तेही बटण दाबताच रिंग वाजेल इतक्या झटपट. पण खरी गंमत पुढे. ३जीचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्याच्या वाट्याच्या रेडिओलहरी, मोकळा झाला की तो ४जीला जुंपतात. त्याच सुमारास टॉवरवर आणखीही काही काम झालं असावं, कारण माझ्या पडद्यावर जुनीसमोर बँड २८ दिसायला लागला. हा ७०० मेगाहर्ट्झचा, भिंतीतून आत शिरणारा बँड. आतल्या खोलीत उणे ११८ वर रखडणारी जुनी उणे १०१ वर आली. काड्या? दोनच! कुणी काड्या बघून सिम निवडत असेल तर तो आजही नवीच घेईल.

बाबांचं मात्र यात नुकसान झालं. त्यांचा फोन ४जी आहे, नेट चालतं, पण त्या मॉडेलला या कंपनीवर व्होएलटीईच मिळत नाही. ३जी गेल्यावर त्यांचे कॉल बंद. खोक्यावर ४जी लिहिलंय म्हणजे ४जीवरून कॉल लागतोच असं नाही, हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस उरलंसुरलं ३जी बंद झालं तेव्हा हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. ४जीवरून आपत्कालीन कॉल लावू न शकणारे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून चक्क बंद करावे लागले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी गुंडाळलं. तर घरात वडीलधाऱ्यांचा जुना फोन असेल तर ३जी बंद व्हायच्या आधी हे तपासा. बाबांना शेवटी फोन बदलावा लागला आणि त्याचा राग त्यांनी कंपनीवर काढायचा सोडून माझ्यावर काढला.

नवीला अगदीच मोडीत काढत नाही. उघड्यावर, प्रवासात, गर्दीच्या जागी ती जुनीला खिशात घालते. जिथे जुनीवर मेसेजसुद्धा अडकतो तिथे नवीवर मोठी फाइल चुटकीसरशी उतरते. गर्दीत काड्यांचा आणि वेगाचा संबंध आणखीच तुटतो, कारण सिग्नल भरपूर असला तरी तो वाटून घेणारे हजार असतात. तिथे रुंद ३५०० चा पट्टाच कामी येतो. पण मी माझा दिवस घरात काढते आणि पैसे घरातून भरते. शिवाय सुरुवातीचा तो संध्याकाळचा सुसाट वेग ५जी फोनवाले वाढले तसा मंदावलाय. नवीन टॉवर नेहमी रिकामा असतो म्हणून छान वाटतो. पहिल्या महिन्यात लिहिलेल्या कौतुकावर विसंबू नका, माझ्या असल्या तरी.

कव्हरेजचे नकाशे घेण्याआधी मी बघितले होते. दोन्ही कंपन्यांचे, माझं घर दोन्हींत गडद रंगात. हे नकाशे मुळात संगणकाने काढलेला अंदाज असतात आणि बहुतेक वेळा तो घराबाहेर उभ्या माणसाचा असतो. अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) तिथल्या काही कंपन्यांचे ४जीचे नकाशे गाडी फिरवून तपासले, तर डिसेंबर २०१९ च्या अहवालाप्रमाणे नकाशात कबूल केलेला किमान वेग जेमतेम ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. तेही रस्त्यावर. आपल्या घराच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर नकाशा विसरूनच जा. ती काच उन्हाबरोबर सिग्नलही परतवून लावते.

मग हे सगळं सुटलं कसं, तर वाय-फाय कॉलिंगने. फुकट सोय, दोन्ही सिमवर होती, कस्टमर केअरच्या एकाही माणसाने तिचं नाव काढलं नाही. चालू केल्यावर कॉल घरच्या इंटरनेटवरून जातो, नंबर तोच, ॲप काही नको. नवीवरूनही माझा आवाज आता पोचतो. फक्त बोलत बोलत दाराबाहेर पडलं की वाय-फाय सोडून टॉवरवर जाताना नवी हमखास एक-दोन शब्द गिळते, जुनी सहसा नाही. आणि चीड याची येते की घरातल्या नेटचे पैसे मी भरणार, कॉल माझ्या नेटवरून जाणार, आणि बिल घेणार ही कंपनी.

कुणाला असं शेजारी शेजारी ठेवून बघायचं असेल तर एकाच फोनमध्ये बघा. दोन वेगळ्या फोनचे अँटेना वेगळे, मग तुलनेला अर्थ नाही. दुसऱ्या कंपनीचं सर्वात स्वस्त प्रीपेड ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या, नंबर पोर्ट करायची घाई नको. एका सिमवर बोलत असताना बहुतेक फोनमध्ये दुसरं सिम बंद असल्यासारखंच वागतं, तेव्हा "तुझा दुसरा नंबर लागत नाही" असं कुणी म्हटलं तर लगेच कंपनीला शिव्या घालू नका. मोजायचंच असेल तर जिथे बसून बोलता तिथला अपलोड मोजा, आणि संध्याकाळी मोजा.

सध्या नवीचा पॅक सर्वात खालच्या पायरीवर आणलाय, प्रवासापुरता. जुनीवर कॉल आणि घरचा डेटा. नवीच्या सिमला प्रीफर्ड नेटवर्क ४जी करून ठेवलंय, त्याने आतल्या खोलीत फोनचं ५जी पकडायचं-सोडायचं थांबलं आणि बॅटरीही संध्याकाळपर्यंत पुरते. मध्यंतरी फोनचं अपडेट आलं आणि हे सेटिंग गुपचूप परत ऑटोवर गेलं. मीटिंगमध्ये "आवाज येत नाहीये" ऐकल्यावर लक्षात आलं. अपडेट झालं की तेवढं तपासून घ्यायचं, आणि व्होएलटीईचं बटणही.